अण्णाराव कोरेंना पौषात फुटलेला घाम

परळीच्या बाजारपेठेत अण्णाराव कोरे यांचं भांड्यांचं दुकान आहे. वय अडुसष्ट, मिशा पांढऱ्या पण टोकदार, आणि आवाज असा की उतरंडीतली पातेली हलावीत. सकाळी अंघोळ, लिंगपूजा, कपाळावर भस्म, मग भांड्यांवर बसलेली थर्मल वीजकेंद्राची राख फडक्यानं पुसायची, हा चाळीस वर्षांचा नेम. रडणं हा प्रकार त्यांना माहीत नव्हता. वडील गेले त्या दिवशीसुद्धा ते मांडववाल्याला दोऱ्या ढिल्या बांधल्या म्हणून झापत होते.

दिवाळीनंतर लघवीचा त्रास सुरू झाला, तपासण्या झाल्या आणि प्रोस्टेटमध्ये गाठ निघाली. लहान होती, वेळेत सापडली होती. लातूरच्या डॉक्टर कावेरी मॅडमनी रेडिएशनचा शेक द्यायचं ठरवलं आणि सोबत दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन. ही गाठ पुरुषी संप्रेरकावर पोसते, म्हणून ते संप्रेरकच बंद करायचं. इंजेक्शननं काय काय होऊ शकतं हे मॅडमनी दहा मिनिटं सांगितलं. पण अण्णारावांचं लक्ष इंजेक्शनच्या स्टीलच्या ट्रेवर होतं. बाहेर आल्यावर ते बायकोला, गंगासागरबाईंना, एवढंच म्हणाले, "ट्रेचा पत्रा लई पातळ हाय. कुनीतरी फसवलंय बाईला."

पौषातली गोष्ट. बाजार मफलर गुंडाळून बसला होता. अण्णाराव एका गिऱ्हाइकाला कुकरची शिट्टी कशी बसवायची ते दाखवत होते, आणि एकाएकी छातीतून एक ऊन लाट निघाली, मानेवरून कानात गेली आणि टकलावर घाम होऊन फुटली. आधी स्वेटर उतरला, मग सदऱ्याची बटणं सुटली. तरी भागेना, तेव्हा त्यांनी फळीवरची मोठी गार परात ओढली आणि दोन्ही हातांनी छातीशी कवटाळली.

"अण्णाराव, काय झालं?" गिऱ्हाईक घाबरलं.

"परातीचा दर्जा बघतोय," अण्णाराव डोळे मिटून म्हणाले.

मग हे दिवसातून सात-आठ वेळा होऊ लागलं. सून रुद्राणी दुकानात डबा घेऊन आली, तर सासरे बनियनवर, पोटावर परात, पाठीशी हंडा. तिनं घरी जाऊन सासूला सांगितलं, "आत्या, मामा भांडी घालून बसलेत."

गंगासागरबाईंनी एकदा वर पाहिलं आणि पुन्हा मेथी निवडायला घेतली.

माघात नांदूरघाटला एक लग्न होतं. नवरीचे वडील राधाकिशन यांनी मुलीच्या संसाराची सगळी भांडी अण्णारावांकडून घेतली होती. टेम्पोबरोबर ते स्वतः गेले. भांडी मोजून दिली, जेवण झालं, निघायचं म्हणून चपला शोधत होते, एवढ्यात स्वप्नालीची पाठवणी सुरू झाली. या मुलीला त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, तेही ती डब्यांचा सेट नको म्हणून तोंड वाकडं करत असताना. पण ती आईच्या गळ्यात पडली आणि अण्णारावांच्या पोटातून कढ आला. आधी नाक वाजलं, मग खांदे हलले आणि मग त्यांनी भर मांडवात असा हंबरडा फोडला की बँडवाल्यानं वाजवणं थांबवलं.

"ह्यो कोन?" नवरीची आत्या बायनाबाई ओरडली. "बाप निवांत पान खातोय आन् ह्यो कोन रडतोय?"

"भांडेवाले हायत," कुणीतरी म्हणालं.

"मंग भांडी परत पायजेत का त्यांना?"

राधाकिशन पान थुंकून धावले. त्यांनी अण्णारावांना मिठी मारली, पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला. "उगी शेटजी. सुखात राहील पोरगी." नवरी रडायची थांबून बघत राहिली. फोटोवाल्यानं मात्र सोन्यासारखी संधी साधली. लग्नाच्या व्हिडिओत स्वप्नालीच्या पाठवणीला आज तीन मिनिटं अण्णाराव आहेत, संथ गतीत, वरून गुलाबाच्या पाकळ्या पडताहेत.

तो व्हिडिओ परळीत पोचायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी अण्णाराव बायकोला घेऊन लातूरला गेले.

"मॅडम, माझ्या डोक्यात बिघाड झालाय," त्यांनी सांगून टाकलं.

"बिघाड नाही. मी सांगितलं होतं तेच आहे हे," कावेरी मॅडम म्हणाल्या. "मेंदूच्या तळाशी अंगाची उष्णता सांभाळणारी एक जागा असते. तिथल्या पेशींवर संप्रेरकांचे ग्राही असतात."

"गिऱ्हाईक?"

"ग्राही. संप्रेरक येऊन बसायची जागा. तुमच्या पुरुषी संप्रेरकातलं थोडं, बायकांमध्ये असतं त्या इस्ट्रोजेनमध्ये बदलतं. ते तिथं बसलं की पेशी शांत राहतात. इंजेक्शननं ते थांबलं, जागा रिकाम्या पडल्या. आता जरा कुठं उष्णता वाढली की पेशी घाबरतात आणि मे महिना आल्यासारखा घाम काढतात. मन सांभाळणाऱ्या भागातही असे ग्राही असतात, म्हणून काहींना रडू लवकर येतं."

गंगासागरबाईंनी पदर सारखा केला आणि विचारलं, "मंजी बायांना पाळी गेल्यावर होतंय, त्येच की हे?"

"जवळपास तेच."

अण्णारावांनी वर पंख्याकडे पाहिलं. तो त्यांनीच आल्याआल्या लावला होता.

बारा वर्षांपूर्वी गंगासागरबाई भर हिवाळ्यात स्वयंपाकघरातल्या पाण्याच्या पिंपाला गाल लावून बसायच्या. तेव्हा अण्णाराव म्हणाले होते, "मनाचे खेळ हायत. कामात ऱ्हावा." हे वाक्य त्या विसरल्या नव्हत्या, हे अण्णारावांना त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं. परतीची बस घाटनांदूरपर्यंत आली. तेव्हा अण्णारावांना पुन्हा घाम फुटला. बाईंनी पिशवीतून ओला नॅपकिन काढून त्यांच्या मानेवर ठेवला.

"चहा कोमट प्यायचा," त्या म्हणाल्या. "तिखट कमी. सदरा सुती. आन् लाट आली की तिच्याशी भांडायचं न्हाई, सोताहून जाती."

"तुला किती दिवस होतं हे?"

"सहा वर्सं."

"सहा!" अण्णाराव एवढ्या जोरात म्हणाले की कंडक्टरनं दचकून घंटी मारली. बस थांबली, कुणीच उतरलं नाही, कंडक्टर चिडला. आणि अण्णाराव पुन्हा रडायला लागले. "गंगे, चुकलं माझं. मला कावून सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं की. तुमी हिशोब बघत व्हता."

गंगासागरबाईंच्या मैत्रिणी दुपारी ओसरीवर जमायच्या. त्यात अण्णारावही बसू लागले. पहिल्या दिवशी बाया लाजल्या, दुसऱ्या दिवशी वत्सलाबाईंनी विचारलं, "तुमाला मानेपासून चढतंय का छातीपासून?" आणि त्यानंतर ते कुणी उपरे राहिले नाहीत. एकीला लाट आली की सगळे ताटानं वारा घालत, अण्णाराव ताटं दुकानातून आणत.

दीड वर्षानं इंजेक्शन बंद झालं, रिपोर्ट चांगले आले, घामही हळूहळू उतरला. तरी ते दुपारचं ओसरीवर बसणं सुटलं नाही. दुकान मुलगा महांतेश बघतो. कुणी अण्णारावांना विचारायला आलं, तर तो सांगतो, "मीटिंगला गेलेत."