पाझरणारच

आमच्या गावच्या तलावाला पाझर तलाव म्हणतात. मातीची भिंत घालून ओढा अडवायचा, पाणी जमिनीत मुरू द्यायचं आणि ते खालच्या विहिरींना लागावं, एवढंच त्याचं काम. बहात्तरच्या दुष्काळात भिंत झाली. माझी आई तेव्हा नवी नवरी होती, त्या भिंतीवर तिनं डोक्यावरून माती वाहिली. म्हातारपणी बिडकीनच्या बाजाराला जाताना भिंत दिसली की म्हणायची, "ह्यात माझी बी पाटी हाय."

भिंतीच्या पायथ्याला लागून आमचं शेत आहे. मी शहरात, औरंगपुऱ्यात एका कचेरीत कारकून, रविवारी मोटारसायकलवर गावाकडं येणारा. वडिलांची मोसंबीची बाग एका उन्हाळ्यात वाळली होती. वाळलेली झाडं त्यांनी स्वतःच कुऱ्हाडीनं तोडली. ते गेल्यावर मी त्याच जागी पुन्हा बाग लावली.

विहीर होळीच्या आधीच तळाला जायची. एका वर्षी होळी झाली तरी ती भरलेलीच. मी भिंतीखालच्या बाभळींच्या गचपणात शिरून पाहिलं, तर मनगटाएवढी धार लागलेली. मला आनंद झाला. भीती नंतर आली, आधी आनंदच झाला.

पुढच्या भादव्यात तलाव काठोकाठ भरला आणि पाहणीला पाटबंधारे खात्याची जीप आली. साहेब तरुण होता, बोलायला चांगला. बाभळींमुळं खाली उतरायला वाट नव्हती, म्हणून भिंतीवरूनच त्यानं मला विचारलं, "खाली पाणी निघतं का?"

"थोडं निघतं."

"स्वच्छ निघत असेल तर हरकत नाही. गढूळ यायला लागलं की समजायचं, भिंत आतून वाहून चाललीय. मग तलाव रिकामा करून भिंत उकरावी लागते. दोन-तीन वर्षं पाणी विसरा. गढूळ येतं का?"

आदल्याच रविवारी मी ओंजळीत ते पाणी घेतलं होतं. चहासारखं होतं.

"नाही," मी म्हणालो. झाडं पहिल्यांदाच फळावर आली होती.

जीप गेली. संध्याकाळी पारावर माझा धनगर दोस्त भेटला. आम्ही दोघं त्या तलावातच पोहायला शिकलो. मी नोकरीला लागल्यापासून तो मला सायब म्हणतो, चिडवायला.

"काय म्हणला ते जीपवाला? ते खालचं पाणी बरं हाय का वंगाळ?"

"अरे, पाझर तलाव हाय, पाझरणारच."

पारावरची सगळी हसली. वाक्य गावाला आवडलं. कुणाचं छप्पर गळालं, कुणाच्या पोराचं नाक वाहिलं, की म्हणायचे, "पाझर तलाव हाय, पाझरणारच." मीसुद्धा हसायचो. हसताना मला बाग दिसायची.

दोस्ताचं खोपट वर माळावर होतं. मेंढरं घेऊन फिरणारं घर, पण आता त्याचं वय झालं होतं, मुलगा बिडकीनकडं कारखान्यात कामाला जायचा. सुनेला माळावरून पाणी आणायला खाली यावं लागायचं. मुलानं पक्कं घर बांधायचं काढलं, आणि दोस्तानं जागा निवडली ती ओढ्याच्या कडेला, बरोबर धारेसमोर. पाया खणताना मी तिथंच उभा होतो. तेव्हा बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "दार पूर्वेला घे."

या पावसाळ्यात धार मांडीएवढी झाली आणि भिंतीच्या माथ्यावर मधोमध माती खचल्यासारखी दिसली. मी कचेरीतून त्या खात्याला फोन केला. तो तरुण साहेब बदलून गेला होता. दुसऱ्यानं सांगितलं, हा तलाव आमच्याकडं येत नाही. तिसरा म्हणाला, "मागच्या पाहणीत तर सगळं ठीक आहे असं दिसतंय." ते ठीक माझंच होतं.

मग पारावर बोललो. साहेबाशी खोटं बोललो, पाणी तेव्हाच गढूळ होतं, हे सगळं सांगितलं आणि तलाव रिकामा करून घेऊ म्हणालो. कुणी रागावलं असतं तर बरं वाटलं असतं. एक जण म्हणाला, "तुमची बाग पिकली, आता आमच्या हिरी भरल्या तवा बंद करा म्हणता व्हय?" दुसरा म्हणाला, "सायब, तुमीच तर सांगितलं, पाझरणारच." पुन्हा सगळी हसली. दोस्तही हसला.

मी त्याला बाजूला घेतलं. "पावसाळा संपेस्तोवर तरी पोराबाळांना घेऊन वर माळावर जा. मी पाया पडतो तुझ्या."

"येडा झाला का? खोपट मोडलं की." मग माझ्याकडं नीट बघत म्हणाला, "तू लई विचार करतो. तुझ्या आईनं घातलेली भिंत हाय ती. आमच्या म्हातारीनं बी घातली. तिला काय हुतंय?"

मागच्या रविवारी त्याच्या घराची वास्तुशांत झाली. जेवण झाल्यावर त्याच्या सुनेनं कौतुकानं तांब्या भरून आणला. "मामा, आता पाणी दारातच हाय. हात लांब केला की झालं."

तांब्या तोंडाला लावला तेव्हा भिंत माझ्या पाठीमागं होती आणि धारेचा आवाज बायकांच्या बोलण्यातूनही ऐकू येत होता. सून समोर उभी होती. मी पीत गेलो. शेवटच्या घोटाला दाताखाली माती लागली.

"आणखी देऊ?" तिनं विचारलं.