स्टोव्हला बांधलेली लाल चिंधी

आमच्या घरात लाल चिंधी पहिल्यांदा बांधली गेली ती ह्यांच्या सायकलीला, आणि ती बांधली मी.

हे तेव्हा धुळ्याबाहेरच्या विमानाच्या मैदानावर मिस्त्री होते. विमानं म्हणजे लोकांना घेऊन मुंबईला जाणारी नव्हेत. बिनइंजिनाची ग्लायडरं. लांब तार बांधून ओढली की ती पतंगासारखी वर जात, तार सुटली की तापलेल्या हवेवर घारीसारखी गोल गोल फिरत राहत. शहरातले दोन डॉक्टर, एका मारवाडी पेढीवरचा मुलगा आणि कॉलेजातली काही मुलं तिथे उडायला येत. तार ओढणारं यंत्र सांभाळायचं एवढंच ह्यांचं काम. पुढे ह्या उडणाऱ्यांच्या क्लबाने असं एक ग्लायडर आणलं की ज्याला स्वतःचंच छोटं इंजिन होतं आणि नाकावर पंखा. ते इंजिन मैदानावर आलं आणि त्याचे नियम आमच्या घरात आले.

त्याआधी हे जेवताना भाकरीकडे बघत जेवत. आता घास हातात तसाच धरून सांगू लागले. "पंखा ज्या लोखंडी तुकड्यावर बसतो ना, तो ठरलेले तास चालला की उतरवायचा. घासलेटात बुडवायचा, कोरडा पुसायचा, वर खडूची पूड चोळायची. केसाएवढी चीर असली तरी आत शिरलेलं घासलेट वर येतं आणि पुडीवर रेघ उमटते."

आबा, म्हणजे माझे सासरे, ऐकून घेत आणि विचारत, "अन चांगला निंघना तर?"

"तर परत लावायचा."

"मंग उतारा कसाले?"

"तास भरले म्हणून."

आबांना हे पटत नसे. जन्मभर शेती केलेला माणूस. म्हणाले, "बैल लंगडाले लागना का मंग आपन त्याना पाय देखतस."

"बैल लंगडला तर खाली बसतो, आबा. हे वरून पडतं."

यावर आबा भाकरी कुस्करत बसले.

लाल चिंधीची गोष्ट ह्यांनी अशाच एका जेवणात सांगितली. एखाद्या भागाची तपासणी राहिली असेल, काही शंका असेल, तर मिस्त्रीने त्याला लाल चिंधी बांधायची. चिंधी आहे तोवर विमान जागचं हलायचं नाही. ज्याने बांधली त्यानेच सोडायची. क्लबाचे चेअरमन आले तरी त्यांनी हात लावायचा नाही. फक्त बांधणाऱ्याला कारण विचारायचं आणि त्याने ते सांगायचं.

मी दाराआड भाकरी थापत ऐकत होते. माझा हात तिथेच थांबला.

सासरी मी आबांसमोर बोलत नसे. तशी रीतच होती, पण रीत नसती तरी मी बोलले नसते. चौथीत बाईंनी कविता म्हणायला उभं केलं तेव्हा मी कविता सोडून रडले होते. चौथीनंतर शाळा सुटली, रडू सुटलं नाही. त्यात मी बोदवडची. आमच्याकडची बोली वेगळी, धुळ्याकडची वेगळी. मी 'मले' म्हटलं की इथे सगळे 'माले' म्हणून हसत. म्हणून मी गप्पच बरी होते. आणि आता ऐकते तर काय, बोटभर चिंधी बांधली की चेअरमनसुद्धा गप्प!

ह्यांच्या सायकलीच्या साखळीला झाकण नव्हतं. बाजाराला मागे बसून गेले की लुगड्याचा काठ साखळीत जाई, काळा होई, फाटे. मी हळू आवाजात सांगून पाहिलं होतं. हे 'हो हो' म्हणत आणि विसरत. जुन्या लाल लुगड्याची चिंधी फाडून मी हँडलला बांधली.

सकाळी हे बाहेर आले, सायकलीसमोर उभे राहिले, मग आत डोकावले.

"कारण?"

"साखळीचं झाकण," मी पिठाशी बोलल्यासारखं म्हटलं.

त्या दिवशी हे मैदानावर पायी गेले. संध्याकाळी डब्याचा पत्रा कापून त्यांनी झाकण बसवलं. मग मी चिंधी सोडली. नियम त्यांचाच होता, करतील काय!

सासूबाईंनी हे सगळं ओट्यावरून पाहिलं. मला विचारलं, "हाई काय शे ग?" मी सांगितलं.  त्या माझ्या हातातली चिंधी घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी ती आबांच्या खाटेला. खाटेचा दोर इतका सैल झाला होता की आबा बसले की गुडघे हनुवटीला लागत. सासूबाई दिवाळीपासून कानीकपाळी ओरडत होत्या.

"कोणी बांधी हाई?" आबा गरजले.

"मी."

"सोड."

"पहिले दोर आवळ."

आबा दुपारपर्यंत जमिनीवर बसले. जमिनीवर बसूनही माणूस किती रागाने बसू शकतो ते मी त्या दिवशी पाहिलं. शेवटी पाय खाटेला लावून त्यांनी दोर आवळला.

मग चिंधीला उसंत उरली नाही. आज गळक्या माठाला, उद्या करकरणाऱ्या दाराला. एकदा सासूबाईंनी ती आबांच्या तपकिरीच्या डबीला बांधली. आबांनी कारण विचारलं, तर म्हणाल्या, "शिंका." त्या दिवशी मात्र भांडण झालं, आणि माणसाच्या अंगाला लागणाऱ्या वस्तूला चिंधी बांधायची नाही असा नवा नियम आबांनी केला. खाट अंगाला लागत नाही का, असं सासूबाईंनी विचारलं. ते भांडण आणखी दोन जेवणं चाललं.

आणि मग अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली.

अखाजीला खानदेशातली एकही लेक सासरी राहत नाही. लग्नानंतरची पहिली अखाजी मी बोदवडला केली. दुसऱ्या वर्षी सासूबाईंचा हात मोडला होता, म्हणून राहिले. तिसऱ्या वर्षी क्लबात पाहुणे आले, म्हणून राहिले. ह्या वर्षी माहेरच्या शेजारची माझी मैत्रीण सणानंतर सुरतेला जाणार होती. तिच्या नवऱ्याला तिथल्या गिरणीत काम लागलं होतं. लहानपणी आम्ही दोघी एका झोक्यावर पाठीला पाठ लावून उभ्या राहायचो. ती गेली की पुन्हा कधी भेटेल ते कोणी सांगावं!

पण अखाजीच्या उन्हातच ग्लायडरं सगळ्यात उंच जातात. तो क्लबाचा हंगाम. हंगामाआधी मुंबईचे तपासणी साहेब येत, इंजिनाचे भाग समोर उतरवून बघत, आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय पंखा फिरत नसे. मैदानाच्या आसपास हॉटेल नव्हतं, म्हणून साहेब जेवायला आमच्याकडे. गेल्या वर्षी मी पाटोड्यांचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, झणझणीत रस्सा केला होता. साहेबांच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी रुमालाने पुसत पुसत त्यांनी तीनदा मागून घेतला. यंदा येण्याआधी निरोप आला, वहिनींना सांगा, पाटोड्याच करा. माझ्याच हातांनी मी माझा पाय बांधून घेतला होता.

भाऊ मला न्यायला आला तो नेमका साहेब यायच्या आदल्या दिवशी. ओट्यावर बसून पाणी प्यायला. म्हणाला, "आबा, उद्या दुपारची चाळीसगावची गाडी धरली तर परवा सणाला पोचतो."

आबा म्हणाले, "साहेब येनार शे. त्यासले हिना हातना पाटोड्या लागतस. पुढला साल लई जा."

"मागच्या वर्षीही तुम्ही हेच म्हणाले होते."

"मंग? मी बदलनू का?"

सासूबाई म्हणाल्या, "पाटोड्या मी करसू." आबा म्हणाले, "तुन्या पाटोड्या मी तीस साल खाई ऱ्हायनू, साहेबना काय गुन्हा शे?" हे भिंतीकडे बघत होते. बापासमोर हे इंजिनाशिवाय कशावरच बोलत नसत.

सकाळी मी उठले, पिशवी भरली, कोपऱ्यात ठेवली. मग लाल चिंधी घेतली आणि पितळी स्टोव्हच्या पंपाला चांगली दोन गाठी मारून बांधली.

हे आत आले. चिंधीकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं. कारण विचारलं नाही. कानामागे खाजवत बाहेर गेले, सायकल काढली आणि रस्ता मोकळा असताना उगाच दोनदा घंटी वाजवली.

मैदानावरची तपासणी उरकून हे साहेबांना घरी घेऊन आले तेव्हा ऊन चढलं होतं. पंख्याखालचा तुकडा उतरवला, खडू चोळला, रेघ उमटली नाही, परत बसवला, असं हे आबांना सांगत होते. आबा खुशीत होते. आतल्या दिशेने म्हणाले, "साहेबसाठे चहा टाका."

आत हालचाल नाही.

आबा दारात आले. स्टोव्ह दिसला. "हाई आज पन?" म्हणून ते गाठ सोडायला वाकले.

"आबा, हात लावू नका," हे घाईने म्हणाले. "साहेब बघताहेत."

साहेब खरंच उठून आले होते. लाल चिंधी बघून मुंबईचा माणूस हसेल असं मला वाटलं. ते हसले नाहीत. चष्मा लावून स्टोव्हसमोर उकिडवे बसले.

"मिस्त्री, कोणी बांधलीय?"

"घरातून."

"कारण?"

"ते त्यांनाच विचारावं लागेल, साहेब."

साहेबांनी दाराकडे तोंड केलं. "वहिनी, काय दोष आहे? वॉशर गेलाय? पिन अडकते?"

मी दाराआड. पुन्हा चौथीचा वर्ग, पुन्हा सगळे माझ्याकडे बघणारे.  मागून सासूबाईंनी माझ्या कमरेत बोट खुपसलं आणि कुजबुजल्या, "बोल ना माय. गाडी निंघी जाई."

मी म्हटलं, "स्टोव्ह चांगला आहे."

"मग चिंधी कशाला?"

"माझे तास भरले."

 ओट्यावर भाऊ खोकला, तो खोकला नव्हता.

आबा म्हणाले, "कसाना तास?"

तोंड उघडलंच होतं. "दोन अखाज्या गेल्या," मी म्हटलं. "ही तिसरी."

साहेब गुडघे झटकत उभे राहिले. आबांना म्हणाले, "आजोबा, तुमच्या मुलाने आज एक भाग उतरवून मला दाखवला. धडधाकट होता. मग उतरवला का?"

आबांनी खाटेच्या दोराकडे बघितलं. "तास भरनात म्हनीसन," ते म्हणाले.

"बरोबर."

"पन साहेब, पाटोड्या?"

"तास भरलेला भाग मी तसाच चालवू दिला, तर मुंबईला मला कोणी पाटोड्या घालणार नाही. पिठलं चालेल मला."

सासूबाईंनी पदर तोंडात धरला होता. तो आता सुटला आणि त्या इतक्या मोठ्याने हसल्या की शेजारची बाई बघायला आली. आबा टांगा बोलवायला स्वतः गेले. रागाने गेले, पण गेले.

मग एकच घाई. मी पाया पडले, पिशवी घेतली, टांग्यात बसले. चाळीसगावला गाडी बदलताना भाऊ म्हणाला, "बाई, चिंधी सोडलीस का?"

"राहिली," मी म्हटलं.

राहिली की ठेवली, हे त्याने विचारलं नाही.

त्या अखाजीला आम्ही दोघी मैत्रिणी निंबाच्या झोक्यावर पाठीला पाठ लावून उभ्या राहिलो. दोघी जड झालो होतो, फांदी कुरकुरत होती. ती म्हणाली, "खाली उतर, फांदी तुटेल." मी म्हटलं, "आधी तू." दोघी उतरलो नाही. पुढे ती सुरतेला गेली.

मी परत धुळ्याला आले तेव्हा दुपार होती. घरात धूर. सासूबाई चुलीत कपाशीच्या पऱ्हाट्या सारत होत्या, आबा फुंकणीने फुंकत होते. स्टोव्ह कोपऱ्यात तसाच, पंपाला लाल चिंधी, तीच दोन गाठींची. ह्यांनी मला नंतर सांगितलं की साहेबांचं पिठलंसुद्धा चुलीवर झालं, फुंकायला आबाच बसले होते, आणि साहेब जाताना बजावून गेले, ती चिंधी कोणी सोडायची नाही बरं का, ज्यांची त्या येऊन सोडतील.

आबांचे डोळे लाल झाले होते. मला बघून फुंकणी खाली ठेवली. "आते तरी सोड माय. धूरथीन मना डोया गयात."

मी पिशवी ठेवली, हातपाय धुतले, स्टोव्ह पुढ्यात घेतला. पंपाचा दांडा काढला, वॉशर बोटाने चाचपला. टाकीतलं घासलेट बघितलं. पिन घालून बर्नरचं भोक साफ केलं. फडक्याने पितळ पुसलं, उजेडात धरलं, फिरवून बघितलं.

आबा दारात उभे. चहाची वेळ टळून गेलेली. "काय देखी ऱ्हायनी इतलं? चांगला शे तो!"

मी पदर सारखा केला. मान वर केली नाही, पण बोलले.

"चांगला असला तरी तपासायचा असतो, आबा."

आणि मग एक एक गाठ सावकाश सोडली.