बुधवारची विनंती

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही — आणि ज्याला सगळं आधीच ठाऊक असतं असं आम्ही मानतो, त्याच्यापुढेही हे शब्द कधी तोंडातून काढलेले नाहीत. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही आमच्या मंडळीतले, आमच्या चर्चचे नाही, म्हणून असेल.

मी मोताळ्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवते, आणि दर रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर असते. या दोन गोष्टी एकत्र नांदवता नांदवता माझं निम्मं आयुष्य गेलं. कॉलेजात उत्क्रांती शिकले तेव्हा शंका घेऊन चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेले होते. ते म्हणाले, शंका सैतान पेरतो. मग मी विचारणंच सोडलं. शाळेत तो धडा घाईघाईनं उरकायचा, चर्चमध्ये बायबलातला उत्पत्तीचा अध्याय वाचताना नजर खाली ठेवायची — जमलं होतं मला. खरं सांगू? विश्वास केव्हाच पातळ झाला होता. सवय तेवढी घट्ट होती.

आणि मग सुवार्ता आली. माझी धाकटी जाऊ. भूगर्भशास्त्रात एमएस्सी, बोलायला मोकळी, गळा गोड. आल्या आल्या मुलांचं संडे स्कूल तिच्याकडे गेलं. तेही मी सोसलं असतं. पण ती एक दुपार —

सासूबाई मेथी निवडत होत्या, आम्ही दोघी समोर बसलो होतो. सुवार्ता लोणारच्या सरोवराचं सांगत होती. आभाळातून दगड कसा आदळला, त्याला किती हजारो वर्षं झाली. सासूबाईंनी हातातली काडी खाली ठेवली. "काऊन वं, बायबलात तं सहा दिवसांत जग झालं म्हनते. मंग तुह्यं खरं का देवाचं?"

हा प्रश्न माझा होता.

सुवार्ता हसली. "दोन्ही खरं हाय, आई. दगडाचं वय मले दगडात दिसते. पन हे जग कोनाचं हाय, ते दगडात नाही दिसत, ते मले प्रार्थनेत समजते. मले तं यात काही भांडन दिसत नाही." आणि तिनं पुढची जुडी ओढली.

सासूबाई "हाव बाप्पा" म्हणून पुन्हा मेथीला लागल्या. झालं! ज्याच्यासाठी मी रक्त आटवलं, ते हिला भाजी निवडता निवडता मिळालेलं. उत्तर बरोबर की चूक, हा प्रश्नच नव्हता. तिला ते पुरत होतं. मला आजवर काहीच पुरलं नव्हतं. काय जळाले मी त्या दिवशी! तिचं रूप मला नको होतं, गळा नको होता. तिचा तो बिनघोरपणा हवा होता — आणि मला मिळणार नसेल, तर तिच्याकडेही तो नको होता.

बुधवारी आमच्या बायकांची प्रार्थना असते, दर वेळी वेगळ्या घरी. आधी विनंत्या सांगायच्या, कुणाचे गुडघे, कुणाच्या पोराची परीक्षा. मग सगळ्यांनी डोळे मिटायचे. प्रार्थनेसाठी सांगितलेलं कुणी तपासून बघत नाही. तिथं चहाडीलाही कळवळा म्हणतात. हे मला चांगलं माहीत होतं.

त्या बुधवारी सुवार्ता माहेरी साखरखेर्ड्याला गेली होती. मी म्हणाले, "माह्या धाकट्या जावेसाठी प्रार्थना करा. लय शिकली न, देवाच्या वचनावरचा विश्वास डळमळून राह्यला तिचा." वर गळाही दाटून आणला. तुम्हाला कळलं ना मी काय केलं? दुखणं माझं सांगितलं, नाव तिचं लावलं.

बायका रडल्या तिच्यासाठी. रविवारपर्यंत साऱ्या मंडळीत पसरलं होतं. पाळकसाहेबांनी तिला फार प्रेमानं सांगितलं, काही दिवस मुलांना शिकवू नकोस. वर्ग कुणाला दिला? मला. मी नाही म्हटलं नाही.

त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात आली. डोळे सुजलेले. "ताई, माह्यात असं काय दिसलं लोकाइले? मी तं काहीच लपवलं नाही." मग म्हणाली, "तुम्ही प्रार्थना करा ना माह्यासाठी." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि केली. चांगली लांब केली. ऐकणारा कुणी आहे की नाही, मला माहीत नव्हतं. तिला माहीत होतं.

आता वर्गात मुलं विचारतात, डायनोसॉर नोहाच्या तारवात होते का? मी म्हणते, वचन पाठ करा. घरी सासूबाईंनी काही विचारलं, तर सुवार्ता म्हणते, "मले नाही समजत, आई. पाळकसाहेबाले विचारा." आणि नजर खाली. ती नजर मी ओळखते.

ती गप्प झाली की माझी जळजळ थांबेल, असं वाटलं होतं. नाही थांबली. एवढं होऊनही ती रोज गुडघे टेकते, आणि दाराआडून बघताना मला अजून तिचा हेवा वाटतो.

बुधवारी ती माझ्याच शेजारी बसते. विनंत्या सुरू झाल्या की हल्ली स्वतःच सांगते, "माह्या विश्वासासाठी प्रार्थना करा." सगळ्या डोळे मिटतात. शेवटी आमेन म्हणताना माझा आवाज सगळ्यांत मोठा असतो.