आईच्या आडनावाचा रकाना
प्रिंटरमधून निघालेल्या गरम कागदाचा वास आला की जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या ऑफिसातले ते निवृत्तीला आलेले इंग्रज सहकारी आठवतात. कॉफीच्या मशीनपाशी त्यांनी मला एकदा विचारलं, "तुमचं मूळ गाव कोणतं?" मी नागपूर म्हणाले. दुसऱ्या दिवशी परत, "नागपूरजवळ कुठे? आजोबा काय काम करायचे?" गाव, आडनाव, आजोबांचं काम, एवढं विचारलं की जात न विचारताही विचारून होते, हे मला शाळेपासून पाठ आहे. पण या माणसाला हे इथे कुणी शिकवलं? घरी नवरा म्हणाला, "तुमच्या टीममधल्याच कुणा भारतीयाने कान भरले असतील. तू आपलं शहरच सांग." मी शहरच सांगत राहिले. मग एका शुक्रवारी त्यांनी प्रिंटरमधून एक कागद काढून माझ्यापुढे धरला. एका मोफत वेबसाइटवर त्यांना पणजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंद सापडली होती. वडील इंग्रज सार्जंट, ठिकाण नागपूरजवळच्या कामठीची छावणी, आणि आईचं नुसतं नाव, तेही आपल्याकडचं. आडनावाचा रकाना कोरा. "आमच्या घरात तिच्याबद्दल कुणी कधी बोललंच नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "कामठीत तुमच्या ओळखीचं कुणी आहे?" कागद अजून कोमट होता. "नाही," मी म्हणाले. महिनाअखेरीला ते निवृत्त होऊन इंग्लंडला परत गेले. माझं माहेर कामठीचं आहे आणि आजोबा त्याच छावणीत कामाला होते, एवढं त्यांना लिहायला मी आजवर तीनदा बसले आहे.