झेंडूच्या हारापुढे

पृथ्वीवर सुरक्षित अशी एकही जागा नाही, यावर आमच्या कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्यांची जेवढी श्रद्धा होती, तेवढी परमेश्वरावरही नसावी. चाकणच्या त्या कारखान्यात मी टूलरूम सांभाळत होतो. शेजारच्या प्रेसशॉपमध्ये गाड्यांचे पत्रे दाबले जात आणि तेथे त्यांचे राज्य होते. चिंचवडच्या मंगल कार्यालयात पाहुणे पंगत शोधतात; हे गृहस्थ मागचा दरवाजा शोधत, आणि त्याला कुलूप आढळल्यास अक्षता टाकण्याआधी व्यवस्थापकाला गाठत. पिंपळे सौदागरला एकदा त्यांच्या घरी गेलो, तर आग लागल्यास कोणत्या जिन्याने उतरावे, हे बसण्यापूर्वी मला समजावण्यात आले. चहा नंतर आला. वहिनी आतून म्हणाल्या, "भाऊजी, कुकर लावला की हे गॅलरीत जाऊन उभे राहतात. मी मेले तरी चालेल."

त्यांचा खरा जीव मात्र प्रेसच्या सेन्सरमध्ये. हात आत गेला की तो यंत्र जागच्या जागी थांबवी. तो बंद करण्याची किल्ली एकच होती, आणि ती ते ताइतासारखी गळ्यात बाळगत. सेन्सर बंद असला की काम भरभर उरके, म्हणून सुपरवायझर ती मागत. "द्या की साहेब, ट्रक उभा आहे राव." यावर त्यांचे उत्तर ठरलेले. "ट्रक उद्याही भरेल. बोट उद्या उगवत नाही."

अशा माणसाला झेंडूने हरवले. खंडेनवमीला सकाळी अकराच्या सुमारास प्रेसची पूजा झाली. पूजेनंतर शकुनाचा एक ठोका मारण्याची आमची रीत. हार सेन्सरच्या आड आला होता, यंत्र हलेना. मालक हात जोडून उभे, भटजी घड्याळ पाहत होते. हार काढावा तर अपशकुन. सर्वांनी अधिकाऱ्यांकडे पाहिले. त्यांनी गळ्यातली किल्ली काढून सुपरवायझरला दिली. ठोका पडला, टाळ्या झाल्या, आणि पेढ्यांच्या गर्दीत ती परत मागायचे ते विसरले. आयुष्यात एवढे एकच. दसऱ्याची सुटी सरल्यावर पहिल्या शिफ्टला सोपान नावाच्या कंत्राटी कामगाराचा उजवा हात आत गेला. लातूरकडचा, दोन लेकरांचा बाप. यंत्र थांबले नाही. बोटे गेली.

सोपानने भरपाईचा दावा लावला. कंपनीच्या वकिलांचे म्हणणे सुटसुटीत होते: किल्ली कामगारानेच चोरून फिरवली. अधिकाऱ्यांनी साक्षीत तेवढे सांगितले, म्हणजे दावा पडेल, कंपनीची अब्रू वाचेल आणि त्यांची नोकरीही. निवृत्ती जवळ आली होती. जपून बोला, असे मी सुचवले. त्यांनी मला टूलरूममधल्या उघड्या वायरीवरून सुनावले.

साक्षीच्या पिंजऱ्यात चढण्यापूर्वी त्यांनी कठडा हलवून पाहिला. तो डुगडुगत होता. हे त्यांनी न्यायाधीशांच्या कानावर घातले. मग वकिलांनी विचारले, किल्ली कामगाराच्या हाती कशी लागली?

"लागलीच नाही. ती माझ्या गळ्यात असे. पूजेच्या दिवशी मी काढून दिली आणि परत घेतली नाही."

आपणास नीट आठवते ना, असे वकिलांनी दोनदा विचारले.

"जन्मभर मी यंत्राला भ्यालो, साहेब. त्या दिवशी माणसांना भ्यालो."

कंपनीची गाडी त्यांना न घेताच निघून गेली. न्यायालयाच्या फाटकाशी सोपान आमची वाट पाहत होता. मान खाली घालून म्हणाला, "साहेब, आता तुमचं कसं व्हायचं हो?"

"माझी दहाही बोटं शाबूत आहेत," ते म्हणाले.

रस्ता ओलांडण्यासाठी आम्ही पुढे झालो, तोच त्यांनी सोपानला दंडाला धरून मागे ओढले. त्याच्या बुटाची लेस सुटली होती. सोपान वाकला, एका हाताने त्याला ते साधेना. "थांब," अधिकारी म्हणाले. चांगल्या पँटीचा गुडघा त्यांनी धुळीत टेकला, लेस बांधली, वर दुसरी गाठ मारली आणि ओढून पाहिली.