थोरल्याचा वकील

अंधेरी, मरोळ, चकाला आणि आसपासच्या गावांतील तमाम गानप्रेमी रहिवाशांना अत्यंत जड अंतःकरणाने आणि त्याहून जड भाषेत कळवण्यात येते की, मरोळ गावठाणात पास्कल ऊर्फ पास्कूच्या ओटीवर दर रविवारी दुपारी भरणारे, कोणत्याही सरकारने कधीही मान्यता न दिलेले सर्वोच्च संगीत न्यायालय बेमुदत बंद झाले आहे. या न्यायालयात खटला एकच होता आणि तो वर्षानुवर्षे चालू होता. वकील दोन होते, न्यायाधीशही तेच दोघे, आणि प्रेक्षक म्हणून पायरीवर झोपलेला एक कुत्रा. पैकी एक वकील वारला. दुसरा हे लिहितो आहे. निकाल लागलेला नाही.

बातमी आली तेव्हा मी शाळेत चित्रकलेच्या तासाला फळ्यावर घागर काढत होतो. डावी बाजू काढून झाली होती. दारात पोस्टातला शिपाई उभा राहिला. पास्कू पोस्टात कारकून होता, त्यामुळे मला वाटलं, त्याने नेहमीप्रमाणे काहीतरी खोचक निरोप धाडला असेल. शिपाई म्हणाला, "मास्तर, पास्कूभाऊ गेले. चहा प्यायला बाहेर आले, पायरीवर बसले, छातीला हात लावला... बस." मी मान हलवली, वळलो आणि घागरीची उजवी बाजू काढून टाकली. हाताला अजून कळलं नसावं. घागर इतकी वाकडी आली की तिच्यात पाणी राहिलं नसतं. एरवी माझी एक रेष चुकली तरी हुर्यो करणाऱ्या मुलांनी त्या दिवशी ती वाकडी घागरच वहीत उतरवून घेतली. आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो मोठा उदात्त नव्हता. तो असा, की आता भांडायचं कोणाशी?

खटला काय होता ते सांगतो. बोलपटांत गाणारे दोन गायक. नावं लिहीत नाही, कारण दोघांचेही भक्त अजून धडधाकट आहेत आणि संपादकांच्या कचेरीला काचेच्या खिडक्या आहेत. एक थोरला, चित्रपट बोलू लागले तेव्हाचा. दुसरा धाकटा, आजकालचा. दोघेही माइकपाशी तोंड नेऊन हळू आवाजात गाणारे. नाटकातल्या गवयांना शेवटच्या रांगेतल्या पेंगणाऱ्या माणसाला उठवावं लागे. यांना फक्त एका कानापर्यंत पोचायचं असतं. इथपर्यंत पास्कूचं आणि माझं एकमत. पुढे रणांगण. पास्कू थोरल्याचा, मी धाकट्याचा.

आमची ओळखच मुळी या वैरातून झाली. मी गावी पार्सल पाठवायला पोस्टात गेलो होतो. खिडकीमागचा रुंद खांद्यांचा, कपाळावर केसांची एकच बट असलेला माणूस पार्सल तोलता तोलता थोरल्याचं गाणं गुणगुणत होता. माझी जीभ कधीच ताब्यात नसते. मी म्हणालो, "अहो, हा गायक गातो की दाढदुखीनं कण्हतो?" त्या माणसाने पार्सल खाली ठेवलं, शिक्का बाजूला ठेवला आणि शांतपणे खिडकी लावून घेतली. मागची रांग ओरडायला लागली. खिडकीची फट उघडून आतून आवाज आला, "शब्द मागे घ्या, मग खिडकी उघडेल."

"नाही घेत!"

"मग तुमचा गायक कोण ते तरी सांगा."

मी धाकट्याचं नाव घेतलं. खिडकी धाडकन उघडली. "तो? तो तर गाताना थंडीनं कुडकुडतो! कुणीतरी घोंगडी द्या त्याला! रविवारी घरी या. माझ्याकडे फोनो हाय. मरोळ गावठाण, विहिरीसमोर. पास्कल म्हणून विचारा." मग मागच्या रांगेला उद्देशून, "हां, पुढे या, काय तमाशा लावलाय?"

माझ्याकडे तबकड्या होत्या, त्या वाजवायला फोनो नव्हता. बायको गेल्यानंतर मी एका खोलीत राहत होतो. तिथे तबकड्या भिंतीला टेकून मुक्या उभ्या असत. पास्कूकडे चावी देऊन चालणारा फोनो होता, पण तबकड्या सगळ्या थोरल्याच्या. म्हणजे धाकट्याचं एखादं गाणं ऐकायचं तर मला पास्कूकडे जावं लागे आणि वाद घालायला पास्कूला मी लागे. असा दोघांचा संसार जमला. चर्चमधली सकाळची मिसा आटोपून, जेवून तो ओटीवर वाट बघत बसे. मी अंधेरीहून भातखाचरांच्या कडेने चालत, टॉवेलात गुंडाळलेल्या तबकड्या काखेत घेऊन पोचे. एक तबकडी त्याची, एक माझी. पिन तबकडीवर असेपर्यंत कोणी बोलायचं नाही. बोलेल त्याने पुढची चावी द्यायची. पास्कूला धाकट्याच्या दुसऱ्या ओळीपलीकडे गप्प राहणं कधी जमलं नाही. "बघ, बघ, थरथरला!" तो ओरडे आणि स्वतःच उठून चावी फिरवायला लागे. त्याचा उजवा दंड डाव्यापेक्षा जाड होता, असं मी गावभर सांगत असे.

त्याची बायको रेजिनावहिनी आत भाकऱ्या थापत, नाहीतर उंबऱ्यात बसून बोंबील निवडत असे. तिला कोण आवडतो, हे आम्ही कधी विचारलं नाही. दोन वकिलांच्या भांडणात साक्षीदाराला बोलायला वेळ कुठे असतो? कधी आवाज फार चढले तर आतून येई, "गळे काढू नका रे, शेजारी म्हणतील मयत झाली." तिसरा पक्ष होता शेजारच्या बस्त्यावचा. गावच्या लग्नाच्या बँडचा हा मास्तर, कॉर्नेट नावाचा पितळी कर्णा फुंकणारा. त्याचं मत ठाम, "जे गाणं कॉर्नेटवर वाजत नाय, ते गाणंच नाय." त्याला आम्ही दोघांनी मिळून न्यायालयातून हाकलून दिलं होतं.

हसण्यावारी नेत असलो तरी पास्कू एका मुद्द्यावर गंभीर होई. कोण टिकणार? मी म्हणे, "पास्कू, थोरला म्हणजे जुनं फर्निचर. वीस वर्षांनी पोरं विचारतील, हे काका नाकातून का गातात?" त्यावर तो एकदा आवाज खाली आणून बोलला. तसा तो क्वचितच बोले. "हे बघ मास्तर. थोरला हजार माणसांसाठी गात नाय. एका एकट्या माणसासाठी गातो. आणि दुनियेत एकटा माणूस कधी संपणार नाय. म्हणून थोरला संपणार नाय." मी लगेच प्रतिवाद केला, "माझा धाकटा एकट्यासाठी गात नाही, तो स्वतःच एकटा असतो. ऐकणाऱ्याला सोबत देत नाही, त्याच्याकडेच सोबत मागतो. म्हणून त्याला सोडून उठवत नाही." पास्कूने नवी पिन बसवली. मग म्हणाला, "वाईट नाय बोललास. पण चूक." आणि चावी द्यायला उठला. त्या 'पण चूक'साठी मी मैलन् मैल चालत येत असे, हे त्याला ठाऊक होतं की नाही कोण जाणे...

शेवटच्या रविवारी निघताना तो पायरीपर्यंत आला आणि म्हणाला, "पुढच्या खेपेला तुला एक रेकॉर्ड ऐकवतो. दोन्ही हात वर करून शरण येशील." कुठली, ते सांगितलं नाही. पुढची खेप आली ती गुरुवारी, आणि माझ्या काखेत तबकड्या नव्हत्या.

अंत्ययात्रेची गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण ती पास्कूने सांगितली असती तर याहून बहारदार सांगितली असती. गावच्या रिवाजाप्रमाणे घरापासून देवळापर्यंत पुढे बँड चालतो. बस्त्याव कॉर्नेट घेऊन दारात उभा. त्याने वहिनीला विचारलं, काय वाजवू? वहिनीचे डोळे सुजले होते. ती म्हणाली, "मास्तराना इचार. तेना काय आवडायचं ते यांना ठाव." मी बस्त्यावला बाजूला नेऊन थोरल्याचं, पास्कूचं सगळ्यात लाडकं गाणं हळूच गुणगुणून दाखवलं. ज्यात थोरला इतक्या हलक्या आवाजात गातो की पास्कू पंखासुद्धा बंद करायला लावायचा. बस्त्यावने मान डोलावली, ओठ पुसले आणि सुरू केलं.

वाचकहो, कुजबुज कॉर्नेटवर वाजत नाही. मागे मोठा ढोल असला तर अजिबातच नाही. पास्कूचं ते पाळण्यासारखं हळुवार गाणं गर्जना करत गावठाणाच्या गल्लीतून निघालं. कोंबड्या कौलांवर चढल्या. विहिरीवरच्या बायकांनी कळशा खाली ठेवून क्रूस केला. देवळाच्या फाटकात उभे असलेले फादर कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "हे कुठलं भजन?" बस्त्यावने कॉर्नेट जरासं तोंडावेगळं केलं आणि म्हणाला, "जुनं हाय, फादर," आणि पुन्हा फुंकलं. माझ्या पोटातून हसू उसळून आलं. अशा वेळी हसू येणं म्हणजे काय संकट असतं, हे ज्यांना आलं आहे त्यांनाच कळेल. मी ते दाबलं, आणि बस्त्यावने शेवटी न्यायालयातून झालेल्या हकालपट्टीची भरपाई कशी वसूल केली हे सांगायला शेजारी वळलो... शेजारी पेटी होती. चार माणसांच्या खांद्यावर. जगात ही गोष्ट ज्याला हसत हसत सांगावी असा एकच माणूस होता आणि तो त्या पेटीत होता.

त्यानंतरचे आठवडे मी जिंकलेल्या माणसासारखे काढले. म्हणजे फार वाईट काढले. शिक्षकांच्या खोलीत मी सवयीने धाकट्याचं कौतुक केलं, तर सगळे म्हणाले, "खरं आहे मास्तर, अगदी खरं." एरवी यातले निम्मे मला वेड्यात काढत. दुःखात असलेल्या माणसाशी कोणी वाद घालत नाही, हा एक अत्यंत क्रूर शिष्टाचार आहे. मग मी उलटा डाव टाकला. कुणी तरी उसळावं म्हणून थोरल्याची बाजू घेऊ लागलो. पास्कूचे मुद्दे, त्याचेच हातवारे, अगदी खिडकी धाडकन उघडल्यासारखा सुरुवातीचा आवाजसुद्धा. वाण्याला म्हणालो, "थोरल्यापुढे धाकटा म्हणजे सर्दी झालेलं पोर!" वाणी डाळ तोलत म्हणाला, "तर काय मास्तर, थोरला तो थोरला." न्हाव्याने होकारार्थी मान हलवली. पोस्टातल्या नव्या कारकुनाने तर दोघेही छान म्हणून टाकलं. सगळं मुंबई बेट आणि त्याची उपनगरं माझ्याशी सहमत झाली होती. इतकं एकटं मला बायको गेल्यावरही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान पास्कू 'चूक' म्हणायला भेटला होता.

पास्कूला जाऊन महिना झाला, तेव्हा त्याच्या नावाने ठेवलेल्या मिसेला गेलो. मिसा झाली, जेवणं झाली, पाहुणे पांगले. जहाजावर नोकरी करणारा पास्कूचा मुलगा तर आधीच परत गेला होता. मी निघालो तेव्हा रेजिनावहिनी म्हणाली, "बसा ना थोडं. ते खोकं उघडा. घर लय गप हाय." मी ओटीवर फोनो उघडला. त्या शेवटच्या रविवारी पास्कूने कबूल केलेली तबकडी शोधावी म्हणून त्याच्या सगळ्या तबकड्या एकेक करून लावल्या. एकही नवी निघाली नाही. शरण आणणारी तबकडी वगैरे काही नव्हतं. मी पुढच्या रविवारी नक्की यावं म्हणून ती थाप होती का? की मला आधीच पाठ असलेल्यांपैकीच एखादी होती, आणि त्या दिवशी ती मला वेगळी ऐकू येईल अशी त्याची खात्री होती? कोणाला विचारणार?

वहिनी उंबऱ्यात बसून ऐकत होती. तिच्या समाधानासाठी, आणि मेलेल्या मित्राचा मान म्हणून, मी घसा साफ करून भाषण सुरू केलं. अगदी मंचावर उभं राहिल्यासारखं. "वहिनी, आज सांगतो. पास्कू बरोबर होता. थोरलाच खरा. तोच टिकणार. धाकट्यावरचं माझं प्रेम म्हणजे पोरखेळ होता. मी हार मानतो." मला वाटलं, तिचे डोळे भरून येतील. ती एकदम उठली. पदर खोचला, फोनोपाशी आली आणि फिरत्या तबकडीवर पंजा दाबून ती जागच्या जागी थांबवली. सून चुकल्यावर सासू बघते तसं माझ्याकडे बघितलं, आणि विहिरीवर ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली,

"मास्तर, मेला तो माझा नवरा! तुमचं मत कशाला मेलं?"