गोदामातलं अर्धं मिनिट

बँडला वाजवू देण्याआधी काशीदादा म्हात्रे त्याला गप्प उभं करायचे. गिटारी गळ्यात, काठ्या हातात, सगळे माइक सुरू, आणि अर्धं मिनिट कुणी हलायचं नाही. केस वाढवून मुंबईहून आलेली, जग हलवायला निघालेली पोरं पनवेलला भाताच्या जुन्या गोदामात थाटलेल्या दादांच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत शाळेच्या प्रार्थनेला उभी असल्यासारखी दिसायची. मीही त्यांच्यातलाच एक. पहिल्याच दिवशी मला हसू फुटलं, तेव्हा आमच्यातच उभे असलेले दादा शांतपणे म्हणाले, "हसायचं आसंल तं भायेर जाऊन हस. आमी परत घेतो."

यात वेडेपणा काही नव्हता. गाणं तुकड्यांनी जोडताना मध्ये पोकळी राहते आणि ती भरायला त्याच खोलीची, त्याच दिवसाची शांतता लागते. "ठिगल त्याच कापडाचं पायजे," असं दादा म्हणायचे. बाकीचे लोक हे दहा सेकंदांत उरकतात किंवा घेतच नाहीत. दादांनी तीस वर्षं प्रत्येक बँडचं अर्धं मिनिट घेतलं आणि नाव घालून जपून ठेवलं. कितीतरी बँड मोडले, त्यांची गाणी दादांनी पुसून टाकली, पण शांतता कुणाचीच पुसली नाही.

ज्या बँडला ड्रमर नसे त्याला दादांचा धाकटा भाऊ बाळाराम मिळायचा; आमच्याही बँडला तोच होता. बालाच्या नाकाचं हाड वाढलेलं होतं. श्वास घेताना बारीक शीळ वाजायची आणि त्या अर्ध्या मिनिटात ती हमखास ऐकू यायची. "बाला, नाक घरी ठेवून येत जा," दादा वैतागायचे. बाला म्हणायचा, "नाक ठेवतो, पन मंग आयला काय सांगू?" सगळे हसायचे आणि दादांना पुन्हा सुरुवात करावी लागायची.

एका हळदीत वाजवून आलेला बाला छातीत कळ येऊन गेला. पुढच्याच वर्षी रस्त्याच्या रुंदीकरणात गोदामही पाडलं. दादा आणि वहिनी खारघरला अकराव्या मजल्यावर राहायला गेले. बालाचे ड्रम गॅलरीत चादरीखाली राहिले. त्या स्टुलावर दादांनी दुसऱ्या कुणाला बसू दिलं नाही, आणि हळूहळू बँडही यायचे बंद झाले.

साठी उलटल्यावर दादांनी बटणांची आणि वायरींची यंत्रं आणली. कानाला हेडफोन लावून दिवसभर एकटेच बसू लागले. मला ते आवडलं नाही. ज्या माणसानं एका गिटारीच्या आवाजासाठी आम्हाला दिवस-दिवस रडवलं, तो आता ठकठक आणि गुणगुण जुळवत होता. "दादा, आता हळदीत डीजे लावणार का?" असंही मी एकदा बोलून गेलो. दादा हसले नाहीत. "वाजवनारा नाय तं विजेला वाजवू दे," म्हणाले. "ती मधीच उठून जात नाय."

दोन वर्षांनी त्यांचा पहिला इलेक्ट्रॉनिक अल्बम तयार झाला तोवर दोन्ही किडन्या जवळजवळ गेल्या होत्या. इस्पितळात त्यांनी माझ्या हातात हार्ड डिस्क ठेवली. "शेवटचा हात तू फिरव. तुझा कान माझ्या हाताखालचा हाय." मी तेव्हा बँड सोडून जाहिरातींचे आणि बोलक्या पुस्तकांचे आवाज साफ करायचं काम करत होतो. घरी ऐकलं, तर सगळ्या अल्बमखाली घरघर. सुरुवातीला तर अर्धं मिनिट नुसतीच घरघर. मला वाटलं, म्हाताऱ्याचे कान गेले. दादांना लाज वाटू नये म्हणून न विचारता मी ती मुळापासून काढली. माझ्या कामात मी पटाईत आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी इस्पितळात त्यांच्या कानाला हेडफोन लावले. पहिला ठोका पडताच त्यांनी डोळे उघडले.

"सुरवातीचं काय केलंस?"

"काढलं, दादा. नुसती घरघर होती."

"घरघर नाय रं," ते म्हणाले. "बाला होता."

यंत्रातून वाजणाऱ्या त्या सगळ्या संगीताखाली दादांनी त्या जपलेल्या शांततेतलं गोदाम अंथरलं होतं, आणि ते मी दुसऱ्यांदा पाडलं होतं. मूळ प्रत माझ्याकडे आहे, उद्या सकाळी सगळं परत बसवून आणतो, असं मी म्हणालो. त्यांनी माझ्या मनगटावर थोपटलं. रागावले असते तर बरं झालं असतं. मी सगळं परत बसवलं, पण सकाळी इस्पितळात पोचलो तेव्हा खाट रिकामी होती.

बाराव्यानंतर वहिनींना मी ते ऐकवलं. अकराव्या मजल्यावरच्या त्या खोलीत गोदामाचा पंखा फिरू लागला. बारीक शीळ आली. वहिनींनी पदर तोंडाला लावला. "ह्यो बाला." मग दबका खोकला. "ह्ये आमचं." त्या कान देऊन ऐकत राहिल्या. शीळ आणि खोकल्याच्या मध्ये कुणीतरी हसू दाबत होतं.

"आनि ह्यो तिसरा कोन?"

"मी, वहिनी," मी म्हणालो.